पडद्यावरून धावणारे शब्द : जपानच्या निकोनिकोची वाटचाल

निकोनिको ही जपानी व्हिडिओ सेवा १२ डिसेंबर २००६ रोजी प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली. तेव्हा तिचे नाव ‘निकोनिको दोगा’ असे होते आणि त्यापुढे कंसात ‘तात्पुरती’ अशा अर्थाचा शब्द जोडलेला असे. सेवा चालवणारी निवांगो ही दोवांगो या कंपनीची उपकंपनी होती. नोबुओ कावाकामी यांनी १९९७ मध्ये स्थापन केलेली दोवांगो मोबाइलच्या रिंगटोन आणि नेटवर्कवरचे खेळ यांच्या व्यवसायात होती. निवांगोच्या संचालकांमध्ये हिरोयुकी निशिमुरा होते. जपानमधील सर्वांत गजबजलेला निनावी चर्चामंच ‘निचॅनेल’ त्यांनीच उभा केला होता. नाव न सांगता, मनात येईल ते दोन शब्दांत लिहून मोकळे होण्याची तिथली सवय निकोनिकोच्या प्रेक्षकांत पहिल्या दिवसापासून दिसते.

सुरुवातीला या सेवेकडे स्वतःचे व्हिडिओ नव्हते. यूट्यूब आणि इतर ठिकाणचे व्हिडिओ ती आपल्या चौकटीत चालवी आणि त्यांच्यावर प्रेक्षकांच्या प्रतिक्रिया लिहू देई. इतर सेवांवर प्रतिक्रिया व्हिडिओच्या खाली साठत जातात. इथे त्या चित्रावरूनच उजवीकडून डावीकडे सरकत जात. प्रेक्षकाने प्रतिक्रिया टाकली की ती व्हिडिओच्या नेमक्या त्या क्षणाशी बांधली जाते. पुढे कोणीही तो व्हिडिओ पाहिला, तरी तो क्षण आला की ते शब्द पडद्यावर येतात. आज सकाळी लिहिलेली आणि सहा महिन्यांपूर्वी लिहिलेली प्रतिक्रिया शेजारी शेजारी धावते, आणि एकट्याने रात्री व्हिडिओ पाहणाऱ्यालाही भरलेल्या सभागृहात बसल्यासारखे वाटते. समाजशास्त्रीय अंगाने इंटरनेटचा अभ्यास करणारे सातोशी हामानो यांनी २००८ मधील आपल्या पुस्तकात या अनुभवाला ‘आभासी समकालिकता’ अशा अर्थाची संज्ञा दिली. निकोनिकोचे मर्म सांगणारी इतकी नेमकी मांडणी त्यानंतर क्वचितच झाली असेल.

प्रत्येक व्हिडिओवर ठरावीक संख्येइतक्याच ताज्या प्रतिक्रिया दिसतात. नव्या आल्या की जुन्या मागे सरतात. त्यामुळे एकच व्हिडिओ काही महिन्यांनी पाहिला तर त्यावरची गर्दी बदललेली असते. लोकप्रिय क्षणी प्रतिक्रियांचा मारा इतका होतो की चित्रच झाकून जाते. जपानी प्रेक्षक याला ‘दानमाकू’, म्हणजे गोळीबाराचा पडदा, म्हणतात. टाळ्यांसाठी आठाच्या आकड्यांची रांग टाकायची, हसण्यासाठी ‘डब्ल्यू’ या रोमन अक्षरांची, असे संकेतही रूढ झाले. अक्षरांचा रंग, आकार आणि जागा ठरवता येत असल्याने काहींनी निव्वळ प्रतिक्रियांतून चित्रे रचली, तर काहींनी परदेशी गाण्यांना मजेदार उपशीर्षके दिली. व्हिडिओला विषयदर्शक टॅग लावण्याचा आणि खोडण्याचा अधिकारही प्रेक्षकांना होता. टॅगच्या जागा मोजक्या असल्याने त्यांवरून चढाओढ चाले, आणि त्या चढाओढीतून व्हिडिओचे एक प्रकारचे समीक्षणच लिहिले जाई.

दुसऱ्याच्या व्हिडिओंवर उभी असलेली ही रचना फार काळ टिकणे शक्य नव्हते. फेब्रुवारी २००७ मध्ये निकोनिकोवर सर्व्हर बंद पाडण्यासाठी खोट्या मागण्यांचा भडिमार झाला. त्याच सुमारास निकोनिकोवरून येणाऱ्या प्रचंड वर्दळीमुळे यूट्यूबनेही तिची वाट अडवली. सेवा थांबवावी लागली. ६ मार्च २००७ रोजी ती परत आली ती स्वतःच्या सर्व्हरवर व्हिडिओ साठवून आणि सदस्य नोंदणीची अट घालून. सर्व्हरची क्षमता अपुरी असल्याने सदस्य टप्प्याटप्प्याने घेतले गेले.

व्हिडिओ लाखो लोकांपर्यंत पोचवणे हे महागडे काम आहे. ज्या काळात जाहिरातींवर तो खर्च निघत नव्हता, त्या काळात निकोनिकोने जून २००७ मध्ये दरमहा ५२५ येन वर्गणीचे ‘प्रीमियम’ सदस्यत्व आणले. प्रीमियम सदस्याला व्हिडिओ वेगाने मिळे. विनामूल्य सदस्यांना संध्याकाळनंतरच्या गर्दीच्या वेळी कमी दर्जाचे चित्र दाखवले जाई. पुढे थेट प्रक्षेपण सुरू झाल्यावर, जागा भरली की विनामूल्य प्रेक्षकाला बाहेर काढून प्रीमियम प्रेक्षकाला आत घेतले जाई. या योजनेला उत्तम प्रतिसाद मिळाला. २०१० मध्ये वर्गणीदार दहा लाखांवर गेले आणि २०१६ मध्ये ते पंचवीस लाखांच्या पुढे होते. प्रेक्षकांच्या वर्गणीवर इतक्या मोठ्या प्रमाणात चाललेली व्हिडिओ सेवा त्या काळात जगात विरळाच. मात्र या वर्गणीत प्रामुख्याने गैरसोयीतून सुटका विकली जात होती. प्रतिस्पर्ध्यांकडे ती गैरसोयच उरली नाही, तेव्हा या व्यवस्थेचा पाया हलला.

३१ ऑगस्ट २००७ रोजी साप्पोरोच्या क्रिप्टॉन फ्यूचर मीडिया या कंपनीने ‘हात्सुने मिकू’ बाजारात आणली. यामाहाच्या व्होकलॉइड तंत्रावर चालणारे हे सॉफ्टवेअर. शब्द आणि स्वर दिले की ते तरुण मुलीच्या कृत्रिम आवाजात गाते. घरी बसून चाली बांधणाऱ्या, पण गायिका न मिळणाऱ्या हौशी संगीतकारांच्या हाती त्यामुळे एक गळा आला. त्यांची गाणी निकोनिकोवर येऊ लागली आणि तिथे साखळी सुरू झाली. एकाने गाणे टाकायचे, दुसऱ्याने त्यासाठी चित्र काढायचे, तिसऱ्याने ते हलते करायचे, चौथ्याने तेच गाणे स्वतःच्या आवाजात गाऊन टाकायचे, पाचव्याने त्यावर नाच बसवायचा. डिसेंबर २००७ मध्ये र्यो या संगीतकाराने टाकलेल्या ‘मेल्ट’ या गाण्यानंतर ही लाट उसळली. मिकूला नाचवण्यासाठी यू हिगुची यांनी २००८ मध्ये ‘मिकूमिकूडान्स’ हे त्रिमितीय चलचित्राचे साधन तयार करून विनामूल्य वाटले. क्रिप्टॉननेही मिकूचे चित्र नफा न कमावता वापरण्याची मुभा दिली. कोणत्याही एका स्टुडिओला जमले नसते असे हे काम हजारो अनोळखी लोकांनी एकमेकांच्या खांद्यावर उभे राहून केले, आणि निकोनिकोची सर्वांत मोठी कमाई हीच म्हटली पाहिजे.

या वातावरणातून वर आलेली नावे आज जपानी संगीताच्या अग्रभागी आहेत. केन्शी योनेझू २००९ पासून ‘हाची’ या नावाने व्होकलॉइडची गाणी टाकत होते. पुढे स्वतःच्या नावाने गाऊ लागल्यावर ते देशातील सर्वाधिक लोकप्रिय गायक-संगीतकारांपैकी एक झाले. चेहरा न दाखवता गाणारी आदो ही गायिकाही निकोनिकोवर इतरांची गाणी गातच पुढे आली. ‘गाऊन पाहिले’, ‘नाचून पाहिले’ अशा साध्या टॅगखाली जमलेल्या या मंडळींनी पुढच्या दशकाचा सूर ठरवला.

हौशी निर्मितीबरोबर स्वामित्वहक्काचा प्रश्न अटळ होता. दूरदर्शन मालिका आणि अ‍ॅनिमेचे तुकडे जोडून केलेले व्हिडिओ हा निकोनिकोच्या सुरुवातीच्या लोकप्रियतेचा मोठा भाग होता, आणि हक्कधारकांच्या तक्रारींनंतर त्यातले असंख्य काढून टाकावे लागले. एप्रिल २००८ मध्ये सेवेने संगीताचे हक्क सांभाळणाऱ्या जासराक या संस्थेशी करार केला. त्यामुळे जासराककडे नोंदलेली गाणी स्वतः गाऊन किंवा वाजवून टाकणे सदस्यांना कायदेशीररीत्या शक्य झाले. कंपन्यांची मूळ ध्वनिमुद्रिका लावणे मात्र निषिद्धच राहिले, कारण चाल व शब्दांचे हक्क वेगळे आणि ध्वनिमुद्रणाचे वेगळे. त्याच वर्षी इतरांनी वापरावे म्हणून चित्रे, आवाज आणि संगीत ठेवण्याचे एक सामाईक भांडार सुरू झाले. २०११ च्या अखेरीस निर्मात्यांना पैसे देण्याची योजना आली; एखादी कलाकृती दुसऱ्याच्या कामावर आधारलेली असेल तर ते नाते नोंदवून मूळ निर्मात्यालाही वाटा मिळण्याची सोय त्यात होती. हक्कांचा गुंता बंदीपेक्षा हिशेबाने सोडवण्याचा हा प्रयत्न आजही अभ्यासण्याजोगा आहे.

थेट प्रक्षेपणाने निकोनिकोला करमणुकीच्या पलीकडे नेले. मार्च २०११ च्या भूकंप आणि त्सुनामीनंतर सार्वजनिक प्रसारण संस्था एनएचकेच्या बातम्या निकोनिकोवरूनही दाखवल्या गेल्या. नोव्हेंबर २०१२ मध्ये सार्वत्रिक निवडणुकीपूर्वी पक्षप्रमुखांची चर्चा इथे झाली. शोगी या जपानी बुद्धिबळात माणूस विरुद्ध संगणक अशा लढती दोवांगोने भरवल्या. जानेवारी २०१२ मध्ये ‘मेइजिन’ हा शोगीतील मानाचा किताब पूर्वी मिळवलेले कुनिओ योनेनागा संगणकाकडून हरले. २०१७ मध्ये तत्कालीन मेइजिन आमाहिको सातो यांना ‘पोनान्झा’ या प्रणालीने दोन्ही डावांत हरवले. दिवसभर संथ चालणारा हा खेळ पूर्वी मोजके दर्दीच पाहत. पडद्यावरच्या प्रतिक्रियांनी त्याला नवा, तरुण प्रेक्षक मिळवून दिला.

एप्रिल २०१२ मध्ये चिबा प्रांतातील माकुहारी मेस्से या विशाल प्रदर्शनगृहात ‘निकोनिको चोकाइगी’ हा महामेळावा प्रथम भरला. निकोनिकोवर जे जे आहे ते सगळे जमिनीवर उतरवायचे, हा त्यामागचा विचार. नाच, गाणी, खेळ यांबरोबर राजकीय पक्ष आणि आत्मसंरक्षण दलही तिथे आपापली दालने मांडत. पुढे सुमो कुस्त्याही झाल्या. २०१६ च्या मेळाव्यात काबुकी या पारंपरिक जपानी नाट्यप्रकारातील कलावंत नाकामुरा शिदो आणि हात्सुने मिकू यांचे ‘चो-काबुकी’ सादर झाले. काबुकीत अभिनेत्याच्या घराण्याचे नाव पुकारून दाद देण्याची जुनी प्रथा आहे. इथे ती दाद प्रतिक्रियांच्या रूपाने रंगमंचामागच्या पडद्यावरूनही धावली. मात्र इतका मोठा मेळावा खर्चिक असतो आणि तो दीर्घकाळ तोट्यात चालला.

पडद्यावरच्या प्रतिक्रियांची कल्पना देशाबाहेर जिथे खरी रुजली, तो देश म्हणजे चीन. २००७ मध्ये एसीफन आणि २००९ मध्ये बिलीबिली या सेवा निकोनिकोचे अनुकरण करत उभ्या राहिल्या. २०१८ मध्ये बिलीबिली अमेरिकेच्या नॅस्डॅक बाजारात नोंदली गेली आणि प्रेक्षकसंख्येत मूळ जपानी सेवेच्या कितीतरी पुढे निघून गेली. निकोनिकोने परभाषी आवृत्त्यांचे प्रयत्न केले, पण तिचा जीव जपानी भाषेतल्या क्षणिक शेऱ्यांत होता. त्यामुळे ती मुख्यतः जपानपुरतीच राहिली.

२०१६ नंतर उतरण लागली. स्मार्टफोन हाती आल्यावर प्रेक्षकांना स्पष्ट चित्र आणि विनाअडथळा पाहणे या गोष्टी गृहीत वाटू लागल्या. यूट्यूबवर दोन्ही मिळत, तेही फुकट. निकोनिकोवर अनेक वर्षे लॉगिन केल्याशिवाय व्हिडिओ पाहतासुद्धा येत नसे. जाहिरातीच्या उत्पन्नात यूट्यूब निर्मात्यांना मोठा वाटा देई, म्हणून खेळांवर समालोचन करणारे आणि गायकही तिकडे वळले. नोव्हेंबर २०१७ मध्ये ‘क्रेशेंडो’ या नव्या आवृत्तीची घोषणा झाली. त्या कार्यक्रमात नव्या करामती दाखवल्या जात असताना पडद्यावर मात्र प्रेक्षकांची एकच मागणी वाहत होती : आधी चित्राचा दर्जा आणि वेग सुधारा. कावाकामी यांना माफी मागावी लागली, कामकाजाची सूत्रे शिगेताका कुरिता यांच्याकडे गेली आणि आवृत्ती जून २०१८ मध्ये उशिराने आली. स्पर्धेपेक्षा पायाभूत यंत्रणेकडे झालेल्या दुर्लक्षाने निकोनिकोचे अधिक नुकसान केले, हे त्या संध्याकाळी प्रेक्षकांनीच कंपनीला सांगितले. वर्गणीदारांची गळती मात्र थांबली नाही.

दरम्यान मालकीही बदलली होती. ऑक्टोबर २०१४ मध्ये दोवांगो आणि कादोकावा ही बलाढ्य प्रकाशनसंस्था एका छत्राखाली आल्या. या समूहाने २०१६ मध्ये ओकिनावात एन हायस्कूल ही इंटरनेटवरून शिकवणारी शाळाही काढली. दोवांगोच्या तोट्यानंतर फेब्रुवारी २०१९ मध्ये कावाकामी समूहाच्या अध्यक्षपदावरून पायउतार झाले. डिसेंबर २०२० पासून भरणाऱ्या ‘व्होकलॉइड कलेक्शन’ या गीतमहोत्सवाने नव्या संगीतकारांना पुन्हा निकोनिकोकडे खेचले आणि सेवेला आपले बलस्थान परत सापडले.

सर्वांत मोठा घाव ८ जून २०२४ च्या पहाटे बसला. कादोकावा समूहाच्या सर्व्हरवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला. माहिती कुलूपबंद करून खंडणी मागण्याचा हा प्रकार. बंद केलेले सर्व्हर हल्लेखोर दुरूनच पुन्हा सुरू करत असल्याचे लक्षात आल्यावर कर्मचाऱ्यांना विजेच्या आणि नेटवर्कच्या तारा हाताने उपसाव्या लागल्या. ‘ब्लॅकसूट’ या टोळीने जबाबदारी घेतली. कर्मचाऱ्याच्या खात्याची माहिती फसव्या संदेशातून चोरली गेली असावी, असा निष्कर्ष कंपनीने काढला. २,५४,२४१ लोकांची वैयक्तिक माहिती बाहेर पडली; त्यांत दोवांगोचे कर्मचारी आणि एन हायस्कूल परिवारातील विद्यार्थी व पालकही होते. पुस्तकांची छपाई आणि वितरणही विस्कळीत झाले. सदस्यांचे व्हिडिओ मात्र बाहेरच्या क्लाउडवर असल्याने वाचले.

हल्ल्यानंतर सहाच दिवसांनी, १४ जूनला, तंत्रज्ञांनी तीन दिवसांत बांधलेली एक साधी तात्पुरती आवृत्ती खुली झाली. तिच्यात मोजके जुने व्हिडिओ आणि त्यांवरून धावणाऱ्या प्रतिक्रिया, एवढेच होते. पूर्ण सेवा ५ ऑगस्ट २०२४ रोजी परतली, तरी काही जोडसेवा सुरू व्हायला आणखी वेळ लागला. मधल्या काळाची वर्गणी सदस्यांना भरून देण्यात आली. डिसेंबर २०२४ मध्ये सोनीने कादोकावाशी भांडवली करार केला आणि सुमारे दहा टक्के समभागांसह ती समूहाची सर्वांत मोठी भागधारक झाली. सोनीला रस आहे तो मुख्यतः कादोकावाच्या कथा, अ‍ॅनिमे आणि खेळांत. निकोनिको हा त्या पसाऱ्यातला लहान व्यवसाय आहे. एप्रिल २०२५ मध्ये चोकाइगी माकुहारीत पुन्हा भरला.