ऑप्शन फॉर्मचा पहिला नंबर

जुलै संपत आला की छत्रपती संभाजीनगरच्या सिडकोतल्या आमच्या घरी संध्याकाळी दाराबाहेर चपलांची गर्दी होते. मी कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवते. इंजिनिअरिंगची गुणवत्ता यादी लागली की माझे विद्यार्थी, त्यांच्या मैत्रिणी, कॉलनीतली पोरं कॅप राउंडचा, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश फेरीचा, ऑप्शन फॉर्म भरायला येतात. प्रत्येकाच्या हातात फाइल असते. तिच्यात गुणपत्रिका, डोमिसाइल, नॉन-क्रीमीलेअर, जातीची व्हॅलिडिटी, आणि सगळ्यांत वर एक रेघी कागद. त्या कागदावर कॉलेजांची नावं असतात. क्रम इतक्या वेळा खोडून बदललेला असतो की कागद मधे मधे पातळ होऊन पलीकडचं दिसायला लागतं. मी फाइल बाजूला ठेवते आणि आधी तो कागद मागते. मूल काय म्हणतंय ते त्या खाडाखोडीत कळतं.

२०२५ च्या जुलैत माझी भाची आली. सोबत ताई आणि दाजी. दाजी वाळूजला टूलरूममध्ये व्हीएमसी यंत्र चालवतात, बजाजनगरला राहतात. पहिली पाळी संपवून ते तसेच, गणवेशावरच आले होते. त्या दिवशी आमच्याकडे पाणी यायचं होतं. या शहरात पाण्याचा दिवस म्हणजे बाकी सगळं नंतर. मोटार लावून, टाकी भरून, साडेआठला आम्ही टेबलाशी बसलो.

भाचीच्या कागदावर पहिल्या नंबरला घराजवळचं एक कॉलेज होतं, तेही तिला नको असलेल्या शाखेचं. पुण्याची कॉम्प्युटरची नावं सातव्या नंबरच्या पुढे. स्टेशन रोडचं शासकीय अभियांत्रिकी पाचव्यावर.

मी विचारलं, "तुला सगळ्यांत जास्त काय हवंय?"

"पुणे, कॉम्प्युटर. पण मावशी, तिथं माझा नंबर नाही लागणार. जे लागणार ते वर लिहिलंय."

दरवर्षी याच वाक्यापाशी माझी संध्याकाळ सुरू होते.

तिला मी आधी गेल्या वर्षीचा कटऑफ उघडायला सांगितला. शेकडो पानांची ती पीडीएफ पहिल्यांदा बघणाऱ्याला घाबरवते, पण तिची बाराखडी सोपी आहे. कॉलेजच्या सांकेतिक क्रमांकात शून्यानंतरचा पहिला आकडा विभाग सांगतो: १ अमरावती, २ आपला विभाग, ३ मुंबई, ४ नागपूर, ५ नाशिक, ६ पुणे. स्टेशन रोडचं शासकीय २००८, नांदेडचं एसजीजीएस २०२०, मुंबईचं व्हीजेटीआय ३०१२, पुण्याचं सीओईपी ६००६. त्याला जोडून शाखेचा आकडा येतो. २४५ दिसलं की कॉम्प्युटर, ६१२ दिसलं की मेकॅनिकल. मग प्रवर्गाचा कोड. सुरुवातीला 'जी' म्हणजे सर्वसाधारण जागा, 'एल' म्हणजे मुलींच्या राखीव ३० टक्क्यांतली. मुली हा 'एल' वाचायलाच विसरतात आणि 'जी'चा आकडा बघून निराश होतात. भाचीनं तेच केलं होतं. तिची तीन कॉलेजं केवळ त्या एका अक्षरानं अशक्यातून शक्यात आली.

शेवटचं अक्षर मात्र आपल्या भागातल्या मुलांनी नीट समजून घ्यायला हवं. 'एच' म्हणजे होम युनिव्हर्सिटी, 'ओ' म्हणजे त्याबाहेरची, 'एस' म्हणजे राज्यस्तरीय. काही संस्थांत जागा राज्यभरासाठी खुल्या असतात. बाकीच्या बऱ्याच कॉलेजांत ७० टक्के जागा त्या भागातल्या मुलांना आणि ३० टक्के बाहेरच्यांना. म्हणजे बजाजनगरची मुलगी पुण्याच्या अशा कॉलेजात 'ओ'च्या रांगेत उभी असते, आणि तिथला 'एच'चा कटऑफ तिच्या काही कामाचा नसतो. हे होम ठरतं बारावी कुठून केली त्यावरून. शिकवणीसाठी दोन वर्षं लातूरला राहून तिथूनच बारावीचा फॉर्म भरलेल्या इथल्या मुलाचं होम नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ होतं. अशा घरांना हे जुलैत कळतं. पालकांचा आणखी एक घोटाळा होतो. वैद्यकीय प्रवेशातला मराठवाडा, विदर्भ आणि उर्वरित महाराष्ट्र असा ७०-३०चा नियम २०२० मध्ये रद्द झाला. तो ऐकलेला असतो, आणि इंजिनिअरिंगचाही गेला असं ते धरून चालतात.

त्या 'एच' अक्षरापाशी मी नेहमी थोडी थांबते. मराठवाड्याला स्वतःचं विद्यापीठ मिळालं २३ ऑगस्ट १९५८ ला. त्याआधी इथली कॉलेजं हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाला जोडलेली होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० मध्ये इथं कॉलेज काढलं, जे आज मिलिंद म्हणून ओळखलं जातं, तेसुद्धा. पाठोपाठ १९६० मध्ये शासकीय अभियांत्रिकी सुरू झालं. आपल्या पोराला घरून डबा घेऊन पदवीला जाता यावं, यासाठी या भागानं पुष्कळ वाट बघितली आहे. म्हणून मुलं 'इथंच राहावं लागलं' असं म्हणतात तेव्हा मला वाईट वाटतं, आणि 'बाहेर जायचंच नाही' असं आईबाप म्हणतात तेव्हाही.

आता क्रमाचं. भाचीला मी कोरा कागद दिला आणि संगणक आत काय करतो ते काढून दाखवलं. गुणवत्ता यादीत जो पहिला, त्याची यादी यंत्र आधी उघडतं, वरून खाली वाचतं, आणि जी पहिली रिकामी जागा त्याला चालते ती देतं. मग दुसरा, मग तिसरा. तुझी पाळी येईल तेव्हाही ते तुझ्या एक नंबरपासूनच सुरू करेल. तिथं जागा नसेल तर दोन, नाही तर तीन. पुण्याचं वर लिहिलंस आणि ते नाही मिळालं, तर खालच्या नंबरवरचा तुझा हक्क तसूभरही कमी होत नाही, कारण तुझ्यानंतरच्या कुणाची यादी तुझ्याआधी उघडलीच जात नाही. आरक्षणाच्या जागांचे टप्पे यात येतात, पण तत्त्व हेच.

गणितात हे फार आधीच मांडून झालं आहे. डेव्हिड गेल आणि लॉइड शेपली यांनी १९६२ मध्ये कॉलेज प्रवेशांवरच एक छोटा निबंध लिहिला. त्या वाटेनं पुढे गेलेल्या गणितज्ञांनी सिद्ध केलं की अशा पद्धतीत विद्यार्थ्यानं आपली खरी आवड खऱ्या क्रमानं लिहिणं हेच त्याच्या सर्वाधिक फायद्याचं असतं. शेपली आणि अल्विन रॉथ यांना २०१२ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते याच विषयावरच्या कामासाठी. वर्गात मी हे शिकवत नाही, अभ्यासक्रमात नाही. पण जुलैत टेबलाशी बसून दरवर्षी सांगते.

सांगते, कारण एकदा सांगायचं राहिलं. तीन-चार वर्षांपूर्वीचा माझा एक विद्यार्थी. गुण चांगले. त्यानं भीतीपोटी जवळचं एक कॉलेज एक नंबरला टाकलं, हवं असलेलं दोन नंबरला. पहिल्या फेरीत एक नंबरच लागला. पहिली पसंती मिळाली की जागा आपोआप फ्रीझ होते, पुढच्या फेरीत जाता येत नाही. त्याच फेरीत त्याच्या दोन नंबरच्या कॉलेजचा कटऑफ त्याच्या पर्सेंटाइलच्या खाली आला होता. क्रम उलटा असता तर त्याला ते मिळालं असतं. तो पेढे घेऊन आला होता. मी कटऑफ बघितला आणि त्याला काहीच बोलले नाही. ती यादी त्यानं मला आधी दाखवली होती, आणि मी नुसती स्पेलिंगं तपासून परत दिली होती.

फ्रीझचा नियम २०२५ पासून आणखी कडक झाला. फेऱ्या तीनवरून चार झाल्या. पहिल्या फेरीत एक नंबर लागला की फ्रीझ, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी काहीही लागलं की फ्रीझ, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी. म्हणून यादी तीनशेपर्यंत लांबवता येत असली तरी जीव लावायचा तो वरच्या सहांवर. त्यातल्या प्रत्येक नावासमोर मी मुलांना विचारते, उद्या मोबाइलवर हे नाव आलं तर रडशील की आईला हाक मारशील? रडणार असशील तर ते सहात नको. त्याखाली मात्र नावं भरपूर हवीत, न लागण्यापेक्षा लागलेलं बरं.

दाजी तोवर गप्प होते. मग त्यांनी खिशातून छोटी वही काढली. शॉपवर मापं लिहायची ती. तिच्यात त्यांनी पुण्याचा खर्च मांडला होता. खोली, मेस, बस, दिवाळीला आणि उन्हाळ्यात येणं-जाणं, चार वर्षांचं गुणून. फीच्या ओळीत प्रश्नचिन्ह. मी त्यांना सांगितलं की ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस घरांतल्या मुलींना २०२४ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. त्यांनी प्रश्नचिन्ह खोडलं, पेन तसंच धरून बसले. म्हणाले, "म्हणजे राहण्या-खाण्याचंच बघायचं." मग भाचीकडे वळून, "माय, कोणतंही कॉम्प्युटर चालेल का तुला पुण्याचं? की इथलं शासकीय बरं?"

तिनं बराच वेळ उत्तर दिलं नाही. पुण्याची जी चार नावं तिनं लिहिली होती, त्यांतल्या दोहोंबद्दल तिला नावापलीकडे काहीही ठाऊक नव्हतं. मैत्रिणीच्या यादीतून उतरवली होती. ती दोन तिनं स्वतःच काट मारून खाली ढकलली. शासकीयची इलेक्ट्रिकल तिनं पाचवरून तीनवर आणली, आणि तिथं पेन्सिलनं नाही, पेननं लिहिलं. घराजवळचं कॉलेज अकराव्यावर गेलं. साडेदहाला पूर्ण यादी पोर्टलवर चढली, बेचाळीस ओळींची. प्रत्येक कोड तिनं मोठ्यानं वाचला, दाजींनी कागदावर खूण केली, जसे ते जॉबची मापं तपासतात तसे. कन्फर्मचं बटण तिनंच दाबलं. भरलेला पण कन्फर्म न केलेला फॉर्म धरला जात नाही, म्हणून ती पावती छापून घेईपर्यंत मी कुणाला उठू देत नाही.

पहिल्या फेरीत तिला नववा नंबर लागला. जागा स्वीकारून, वरच्या पसंतीसाठी बेटरमेंट घेऊन ती पुढच्या फेरीत गेली. ते आठ-दहा दिवस कठीण होते. बजाजनगरच्या शेजाऱ्यांनी ताईला सांगितलं, हातची सीट सोडू नका. सीट सुटत नसते. वरची लागली तरच आधीची रद्द होते. हे ताईला मी फोनवर रोज एकदा सांगत होते. फेरीआधी यादी बदलायची मुभा असते, भाचीनं वरच्या ओळींना हात लावला नाही.

दुसऱ्या फेरीत तिसरा नंबर लागला. शासकीय, इलेक्ट्रिकल. फ्रीझ.

संध्याकाळी फोन आला तेव्हा तिनं सांगितलं की नाव दिसल्यावर तिनं आईला हाक मारली. प्रवेशाच्या दिवशी दाजींनी अर्धी सुट्टी टाकली आणि फाइल घेऊन स्टेशन रोडच्या फाटकाशी थांबले. तिचा तो पातळ झालेला पहिला कागद अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. यंदा फॉर्म भरायला कुणी आलं की आधी तो दाखवणार आहे. तुमच्या घरात कुणी यादी लिहीत असेल, तर कटऑफ उघडण्याआधी त्याला एवढंच विचारा की एक नंबरला जे आहे, ते त्याला हवंय ना.