प्रवेश आणि स्वीकार

परदेशी जाऊन विज्ञानाचे शिक्षण घेणाऱ्या स्त्रीच्या अडचणींचा विचार करताना ‘प्रवेश’ व ‘स्वीकार’ या दोन शब्दांत भेद करणे अवश्य आहे. संस्थेच्या नोंदवहीत नाव चढणे हा प्रवेश. त्या संस्थेत बरोबरीचे स्थान मिळणे हा स्वीकार. एक घडले म्हणजे दुसरेही घडले, असे आपण सामान्यतः गृहीत धरतो. हे गृहीत कितपत खरे, हे दोन उदाहरणांवरून पाहू.

पहिले उदाहरण आपल्या परिसरातीलच आहे. उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर यांच्या शेजारच्या कल्याण येथे आनंदीबाई जोशी यांचे बालपण गेले. १८८३ साली, अठरा वर्षांच्या असताना, त्या फिलाडेल्फिया येथील वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या. ते महाविद्यालय स्त्रियांसाठीच स्थापन झालेले होते; जपानच्या केइको ओकामी व सिरियाच्या सबात इस्लामबूली याही त्याच काळात तेथे शिकत होत्या. तेव्हा स्त्री म्हणून दार बंद होण्याचा प्रश्न तेथे नव्हता. अडचणी दाराच्या आत होत्या: कडक थंडी, परका आहार आणि खालावत जाणारी प्रकृती. भाषेचे श्रम तर कोणाच्या हिशेबातच नव्हते. हिंदूंमधील प्रसूतिशास्त्रावर प्रबंध लिहिताना आनंदीबाईंनी आयुर्वेदीय ग्रंथ व अमेरिकन पाठ्यग्रंथ या दोहोंचा आधार घेतला. संस्कृत परंपरेतील ज्ञान इंग्रजी परिभाषेत मांडणे हे दुप्पट काम होय. गुणपत्रिकेत त्याला रकाना नसतो. १८८६ साली त्यांना पदवी मिळाली. तथापि कोल्हापूरच्या रुग्णालयातील स्त्री-विभागाचे काम हाती घेण्यापूर्वीच, फेब्रुवारी १८८७ मध्ये, क्षयाने त्यांचा अंत झाला.

दुसरे उदाहरण कमला भागवत, म्हणजेच पुढील काळातील कमला सोहोनी, यांचे. त्यांचे वडील व चुलते दोघेही रसायनशास्त्रज्ञ. अर्थात शास्त्राची भाषा त्यांना घरातच लाभलेली होती. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन त्यांनी बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेकडे अर्ज केला. स्त्री म्हणून सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी तो नाकारला. कमलाबाईंनी आग्रह सोडला नाही, तेव्हा एक वर्ष परीक्षाधीन राहण्याच्या अटीवर प्रवेश मिळाला. पुढे केंब्रिज येथे, वनस्पतींच्या पेशींतील सायटोक्रोम-सी या द्रव्यावर संशोधन करून, १९३९ साली त्यांनी डॉक्टरेट संपादन केली. परंतु त्या विद्यापीठाने स्त्रियांना पूर्ण सदस्यत्व दिले ते १९४८ साली. म्हणजे संशोधन मान्य झाले, संशोधिकेचे स्थान मात्र अपुरेच राहिले.

दोन्ही उदाहरणांत बुद्धीची उणीव कोठेही आढळत नाही. एकीकडे प्रवेश सुलभ होता, पण आतील जीवन दुःसह. दुसरीकडे तयारी परिपूर्ण होती, पण प्रवेश सशर्त.

आज आपल्या या तीन नगरांतून एखादी विद्यार्थिनी विज्ञान वा अभियांत्रिकी शिकण्यासाठी परदेशी निघते, तेव्हा शुल्क व प्रवास यांची चौकशी घरचे करतातच. प्राध्यापकांनी आणखी तीन गोष्टी विचाराव्यात. प्रयोगशाळेत तिच्या कामाची नोंद तिच्या नावे होईल काय? आजारपणात तिची काळजी कोण घेईल? विषय येत असून भाषा अडली, तर तिचे म्हणणे ऐकून घेण्याइतका धीर तेथे कोणापाशी असेल? प्रवेशपत्रात या प्रश्नांची उत्तरे नसतात. ती विद्यार्थिनी निघण्यापूर्वीच मिळविली पाहिजेत.