सामायिक भूत

'रात्रीस खेळ चाले' रात्री साडेदहाला लागायची. त्यामुळे तिच्यावरची खरी चर्चा दुसऱ्या दिवशी सकाळी व्हायची आणि दादरकरांपुरतं बोलायचं तर शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर व्हायची. एक फेरी मारून टेकलेल्या माणसांना विषय हवाच असतो. गंमत अशी, की मालिका भुताची आणि कट्ट्यावर भुताबद्दल कुणी फारसं बोलत नसे. झाडामागे काय हललं, हे दोन वाक्यांत संपायचं. मग सुरू व्हायचं ते सरिता चुकली की निलिमा, माईंनी इतकं का सोसलं, आणि जमिनीचे कागद नक्की कुणाकडे आहेत.

मालिकेची रचनाच तशी होती. 22 फेब्रुवारी 2016 ला झी मराठीवर पहिलं पर्व सुरू झालं ते अण्णा नाईकांच्या मृत्यूने. मुंबईत राहणारा त्यांचा मुलगा माधव, त्याची प्रत्येक गोष्टीला विज्ञानाची फूटपट्टी लावणारी बायको निलिमा, गावातच राहिलेला दत्ता, त्याची सरिता, माहेरीच असलेली छाया, धाकटा अभिराम, आणि या सगळ्यांना सांभाळणाऱ्या माई, सगळे कोकणातल्या वाड्यात एका छपराखाली कोंडले गेले. म्हाताऱ्याने काय ठेवलंय, कुठे ठेवलंय, कुणाला सांगून गेलाय, हे कुणालाच नीट ठाऊक नाही. यात भूत नसतं तरी घर झोपलं नसतं. संवाद लिहिणारे प्रल्हाद कुडतरकर स्वतः पांडूच्या भूमिकेत वाड्यात वावरत होते. सगळं पाहणारा, अर्धं विसरणारा आणि नको तिथे बोलणारा हा गडी म्हणजे लेखकानेच घरात ठेवलेला कान.

आता हे दादर-परळ-लालबागला इतकं का भिडलं? इथला प्रेक्षक चाकरमानी किंवा चाकरमान्याचा मुलगा-नातू. गिरणीसाठी आजोबा मुंबईत आले, गावचं घर सामायिक राहिलं. सातबाऱ्यावर आजोबांच्या पिढीची नावं, त्यांच्याखाली वारसांची रांग, त्यांतले काही बोरिवलीला, काही बडोद्याला, एखादा परदेशात. जमीन महसूल संहितेच्या कलम 85 प्रमाणे तहसीलदाराकडून वाटप करून घेता येतं, पण त्याला हिस्सेदारांची सहमती लागते. ती नसेल तर दिवाणी दावा, आणि दावा म्हणजे पुढची पिढी. म्हणून बहुतेक जण काहीच करत नाहीत. घराला कुलूप, चावी शेजारच्या काकांकडे, गणपतीत पाच दिवस उजेड. गावात राहिलेल्या भावाला वाटतं, कौलं मी शाकारली, देवाला दिवा मी लावला, तर घर माझं. मुंबईच्या भावाला वाटतं, पैसे मी पाठवले. दोघंही खोटं बोलत नाहीत. दत्ता आणि माधव यांच्यातली ती न बोललेली तेढ पाहताना कट्ट्यावरचा माणूस आपापल्या गावचा भाऊ आठवत असे. काही जण तर मालिकेचं नाव घेऊन सरळ स्वतःच्याच घरातलं बोलायचे.

कोकणातली भुताखेतांची समजही जमिनीला बांधलेली आहे. राखणदार हा त्या जागेचा, देवचार त्या वाटेचा, मूळपुरुष त्या घराचा. गाऱ्हाणं घालताना मागितलं जातं तेही सगळ्या घरादारासाठी, मुंबईला गेलेल्या लेकरांसकट. कुणाचं आजारपण लांबलं, कुणाचं लग्न जुळेना, की कुठेतरी काहीतरी 'देणं' राहिलंय असं म्हटलं जातं. ते देणं देवाचं असतं, तसं पुष्कळदा फसवलेल्या भावकीचंही असतं. या अर्थाने नाईकांच्या वाड्यातलं भूत हा बाहेरचा पाहुणा नव्हता. तो एक हिस्सेदारच होता, फक्त सहीला येत नव्हता.

जानेवारी 2019 मध्ये दुसरं पर्व आलं आणि कथा मागे गेली. अण्णा जिवंत, तरणेबांड, निर्दय. माधव अभ्यंकरांनी तो इतका जिवंत केला आणि अपूर्वा नेमळेकरच्या शेवंताने त्याला अशी जोड दिली, की खलनायक लोकांचा लाडका झाला. मला हे कधी पटलं नाही. बायकोला मारणारा, जमिनी लाटणारा, माणसं संपवणारा माणूस मोबाइलवरच्या विनोदांत 'आपले अण्णा' होतो, तेव्हा आपण कुणाकडे बघून हसतोय याचा विचार व्हायला हवा होता. फेरी मारणाऱ्या बायकांनी तो केला. त्यांच्यात शेवंताची बाजू घेणाऱ्याही होत्या, पण शकुंतला नरे यांच्या माईंवर त्यांचं सगळ्यात जास्त भांडण व्हायचं. माई गप्प राहिल्या म्हणून घर टिकलं, की माई गप्प राहिल्या म्हणून अण्णा माजला? सासू झालेल्या बायका एका बाजूला आणि सुना दुसऱ्या, असं सरळ विभाजनही होत नव्हतं.

कायद्याची बाजू काढणारे निवृत्त कारकून कट्ट्यावर नेहमीच असतात. छायाला हिस्सा आहे का, हा त्यांचा आवडता मुद्दा. महाराष्ट्राने 1994 मध्येच मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीने आणलं, पण आधी लग्न झालेल्या वगळून. 2005 च्या केंद्रीय दुरुस्तीने ती अट गेली. आणि त्या वर्षी वडील हयात असायला हवेत ही शंका सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 ला विनीता शर्मा खटल्यात मिटवली. दुसरं पर्व संपलं त्याच महिन्याच्या अखेरीस! अण्णांपासून झालेल्या शेवंताच्या मुलीचं, सुसल्याचं, प्रकरण जास्त गुंतागुंतीचं. शेवंता मुळात पाटणकरांची बायको, तेव्हा मुलगी कायद्याने कुणाची, इथूनच वाद. रद्दबातल लग्नातल्या अपत्यालाही आईबापाच्या वाट्यात हक्क आहे, हे न्यायालयाने 2023 मध्ये स्पष्ट केलं. पण लग्नच लागलं नसेल तर त्या निकालाचा उपयोग नाही. मालिकेतल्या नेने वकिलांनी हे अण्णांना वेळीच सांगितलं असतं, तर मालिका वीस भागांत आटोपली असती.

दूरचित्रवाणीवर भूत जुनंच आहे. 'आहट' 1995 मध्ये आली, पण तिथे दर गोष्टीत नवं घर, नवी माणसं; घाबरलो आणि झोपलो. रोज तेच घर पाहायचं तर नाती लागतात. अमेरिकेत 1966 ते 1971 या काळात 'डार्क शॅडोज' ही दुपारची कौटुंबिक मालिका होती. तिच्यात 1967 मध्ये रक्तपिपासू बार्नबस आला तो इंग्लंडहून आलेला भाऊबंद म्हणून, आणि घराने त्याला ठेवून घेतलं. 'सुपरनॅचरल' 2005 पासून पंधरा पर्वं चालली ती दोन भाऊ आणि त्यांच्या बापाने मागे ठेवलेल्या कामाच्या जोरावर. आपल्याकडे 2022 मध्ये आलेल्या 'सातव्या मुलीची सातवी मुलगी'त तर दुष्ट शक्ती थेट सासूच्या जागी बसवली. सोयीचं होतं, पण नाईकांच्या घरातला संशय तिथे उरला नाही. वाईट कोण हे प्रेक्षकाला आधीच माहीत.

पहिल्या पर्वाच्या वेळी सिंधुदुर्गातून विरोध झाला होता. कोकणाची बदनामी, अंधश्रद्धेचा प्रसार, असे आक्षेप होते, आणि जादूटोणाविरोधी कायदा होऊन तेव्हा जेमतेम दोन-अडीच वर्षं झाली होती. आक्षेप पोकळ नव्हते. पुढे मात्र सावंतवाडीजवळच्या आकेरीतला चित्रीकरणाचा वाडा बघायला मुंबईकरांच्या गाड्या थांबू लागल्या. दारात फोटो काढून झाला, की त्यातले अनेक जण तिथून आपल्या गावी जायचे, काकांकडून चावी मागायला.