अंत्युखियाची पंगत

धर्मांतर करून आलेला माणूस नव्या धर्मात बरोबरीच्या नात्याने येतो, की आधीपासून असलेल्यांच्या अटी पाळून दुय्यम म्हणून येतो? ख्रिस्ती धर्माच्या पहिल्याच पिढीला या प्रश्नाला तोंड द्यावे लागले.

येशूचे पहिले अनुयायी ज्यू होते. सुंता, शब्बाथ, खाण्यापिण्याचे विधिनिषेध हे त्यांच्या नियमशास्त्राचे भाग. परक्या सत्तांखाली या समाजाने याच नियमांच्या बळावर आपले वेगळेपण टिकवले. म्हणून त्यांना जातिव्यवस्थेच्या मापाने मोजणे चूक ठरेल. पण ग्रीक व इतर परराष्ट्रीय लोक येशूच्या पंथात येऊ लागले, तेव्हा वाद पेटला. त्यांनी आधी ज्यू व्हावे काय?

इ. स. ४९ च्या सुमारास यरुशलेमेत प्रमुखांची बैठक झाली. सुंतेची सक्ती नको, असे ठरले. पौलाबरोबर गेलेल्या तीत या ग्रीक सहकाऱ्यावर ती लादली गेली नाही. 'प्रेषितांची कृत्ये' या ग्रंथानुसार मूर्तींना वाहिलेले अन्न, रक्त, गळा दाबून मारलेल्या प्राण्याचे मांस आणि जारकर्म एवढेच वर्ज्य ठरले.

तत्त्व मान्य झाले. कसोटी लागली ती जेवताना. सिरियातील अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीयांबरोबर जेवत असे. याकोबाकडची माणसे आली, आणि सुंतेच्या कैवाऱ्यांना भिऊन तो वेगळा राहू लागला. इतर ज्यू ख्रिस्तीही त्याच्या मागे गेले. पौलाचा सोबती बर्णबासुद्धा! पौलाने सर्वांसमक्ष पेत्राला जाब विचारला. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात त्यानेच ही हकीकत नोंदवली आहे. पेत्राचे उत्तर मात्र त्यात नाही.

पौलाच्या संतापाचे कारण उघड आहे. 'तू अपुरा आहेस' हे सांगायला नियम करावा लागत नाही. पंगतीतून उठून गेले तरी पुरते. मग त्या माणसाला दोनच वाटा उरतात : अट मान्य करणे किंवा बाजूला बसणे.

पौलाचीही झेप अपुरीच. अनेसिम या दासाला त्याने धनी फिलेमोनाकडे परत पाठवले. 'त्याला बंधू म्हणून स्वीकार' अशी विनंती केली, पण गुलामगिरीच्या व्यवस्थेला हात घातला नाही.

हा वाद इतिहासजमा झाला नाही. १८३३ मध्ये कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी दक्षिणेतील ख्रिस्ती मंडळ्यांना जातिभेद तत्काळ सोडण्याचा आदेश दिला. तेव्हा अनेक वेल्लाळ ख्रिस्ती मंडळी सोडून गेले. ख्रिस्त त्यांना मान्य होता. अस्पृश्य मानलेल्या ख्रिस्ती बांधवाच्या शेजारी बसणे मान्य नव्हते.

म्हणून कोणत्याही धर्माची समता तपासताना त्याचे ग्रंथ जरूर वाचावेत. पण तेथे कोण कोणाच्या शेजारी जेवतो, हे आधी पाहावे.