पुठ्ठ्याची एस. टी.

दिवाळीत साताऱ्याच्या पेठांतून फेरी मारली, तर अंगणाअंगणांत मातीचे किल्ले दिसतात. तटाला बुरूज असतात, उतारावर हळीव उगवलेले असते, माथ्यावर महाराज विराजमान असतात. पायथ्याच्या रस्त्यावर मुलांनी एखादी मोटार ठेवलेली असते. ती महादरवाजाच्या दुप्पट उंच, आणि शेजारचा मावळा जेमतेम तिच्या चाकाएवढा! याला कोणी हरकत घेत नाही, आणि घेऊही नये. ते खेळणे आहे. परंतु ज्या दिवशी त्या मुलाच्या मनात ‘ही मोटार या दारातून जाईल का?’ असा प्रश्न उभा राहतो, त्या दिवशी खेळण्यातून प्रतिकृतीची विद्या जन्माला येते. त्या विद्येविषयी येथे थोडे सांगावयाचे आहे.

प्रथम एक भेद ध्यानात घेऊ. सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथील एका लोहकाम करणाऱ्या कारागिराने भंगारातील सुटे भाग जमवून पायाने किक मारून सुरू होणारी एक छोटी गाडी तयार केली. २०२१ साली तिची वार्ता देशभर पसरली, आणि पुढे महिंद्र उद्योगसमूहाने त्या गाडीच्या बदल्यात त्यांना नवी मोटार दिली. ती गाडी लहान होती. परंतु ती कोणत्याही मोठ्या गाडीची प्रतिकृती नव्हती. तिच्यात माणसे बसावयाची होती. प्रतिकृतीत कोणी बसत नाही. तिला फक्त खरे दिसावयाचे असते. यासाठी लहानपणापेक्षा प्रमाण महत्त्वाचे. लांबी पन्नासपट कमी केली तर रुंदी, उंची, चाक, खिडकी, सर्वच पन्नासपट कमी झाले पाहिजे.

प्रमाणे अनेक आहेत. इंग्लंडात छोट्या आगगाड्या करणाऱ्यांनी एका फुटाला सात मिलिमीटर असे माप धरले. त्यातून त्रेचाळीसावा हिस्सा रूढ झाला, आणि दुकानांत मिळणाऱ्या धातूच्या मोटारी पुष्कळदा त्याच मापाच्या असतात. त्या मापाच्या निम्मे केले की सत्त्याऐंशीवा हिस्सा येतो. पुण्यास कोथरूडमध्ये १९९८ साली उघडलेले जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय या मापाचे आहे. आम्ही मात्र नवशिक्याला पन्नासावा हिस्सा सुचवतो. कारण हिशेब सोपा: खरा अर्धा मीटर म्हणजे एक सेंटीमीटर. शाळेतील फूटपट्टी पुरते.

आता वाहन कोणते घ्यावे? आम्ही एस. टी. घेतली. १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर पहिली गाडी धावली, तेव्हापासून आपल्याकडील बाजार, जत्रा, लग्ने आणि परीक्षा या गाडीने पाहिल्या आहेत. शिवाय सातारा किंवा सांगलीच्या स्थानकावर ती रोज समोर उभी असते. पण ‘रोज पाहतो’ या समजुतीनेच आमचा घात केला. पहिली बस आम्ही आठवणीवरून केली. लाल रंग दिला, पाटी लावली, तरी पाहणारा म्हणे, “छान आहे, कसली मोटार ही?” पुढे स्थानकावर जाऊन पाहिले, तेव्हा चूक उमगली. मागच्या चाकाच्या पाठीमागे गाडीचा केवढा मोठा भाग लोंबत असतो, हे इतक्या वर्षांत आम्ही पाहिलेच नव्हते!

म्हणून पहिले हत्यार म्हणजे मोजपट्टी. आगारप्रमुखांची परवानगी घ्यावी, आणि गाडी रिकामी उभी असताना शिंप्याच्या टेपाने मापे घ्यावीत. जेथे हात पोचत नाही, तेथे युक्ती करावी: गाडीच्या अंगाला मीटरभर लांबीची काठी टेकवावी आणि बरेच लांब, अगदी समोर उभे राहून छायाचित्र काढावे. जवळून काढले तर कडा तिरप्या येतात. छायाचित्रातील काठीवरून बाकीची मापे काढता येतात. रुंदी सुमारे अडीच मीटर, म्हणजे पाच सेंटीमीटर. लांबी अकरा मीटर धरली तर बावीस सेंटीमीटर. चाक एक मीटरच्या आसपास, म्हणजे दोन सेंटीमीटर.

पुठ्ठा एक मिलिमीटरचा घ्यावा. तो खऱ्या गाडीत पाच सेंटीमीटर होतो. याहून जाड घेतला तर खिडकीची कड तटाच्या भिंतीसारखी दिसू लागते. पुठ्ठ्याच्या एकाच बाजूस कागद चिकटवला तर वाळताना तो पापडासारखा वाकतो. दोन्ही बाजूंस चिकटवून पुस्तकांच्या वजनाखाली रात्रभर ठेवला तर सरळ राहतो.

हत्यारे विकत घेण्याची घाई करू नये. दाढीचे पाते अर्धे करून चिरलेल्या बांबूच्या काडीत घट्ट बांधले की सुरी झाली. सायकलच्या तारेचे टोक ठोकून चपटे करावे व सहाणेवर घासावे. बारीक पटाशी होते. सुईच्या नेढ्याचे टोक मोडले तर दोन दाते उरतात. ती सुई पेन्सिलीच्या तुकड्यात रोवून बोटांनी फिरवली की पुठ्ठ्यास छिद्र पडते. काडेपेटीवर काचकागद चिकटवला की कानस. चाकांसाठी दोन सेंटीमीटर व्यासाच्या पत्र्याच्या नळीची कड आतून घासून धारदार करावी, साबणाच्या पाण्यात बुडवावी आणि रबरी चपलेच्या झिजलेल्या टाचेवर दाबून फिरवावी. टाच झिजलेलीच हवी; नव्या चपलेचे चाक फार रुंद होते.

काचा मिळविण्यास मिरज जवळ आहे! दवाखान्यांच्या त्या गावात जुनी एक्स-रे फिल्म मिळणे कठीण नाही. ब्लीचच्या पाण्यात ठेवली की तिच्यावरील थर सुटतो आणि खाली निळसर पारदर्शक पत्रा उरतो. हे काम मात्र मोठ्या माणसाने, हातमोजे घालून, उघड्या हवेत करावे. खिडकीच्या आडव्या गजांसाठी मोटार-वाइंडिंगच्या दुकानात पडलेली तांब्याची बारीक तार उत्तम.

येथवर आले की नवशिक्याला मोह होतो: प्रत्येक रिव्हेट दाखवावा, प्रत्येक अक्षर लिहावे. आमच्या मते खरी परीक्षा येथेच आहे. पन्नासाव्या हिश्श्याची बस आपण हातभर, म्हणजे साठ सेंटीमीटर अंतरावरून पाहतो. याचा अर्थ खरी बस आपण तीस मीटरांवरून पाहत आहो. तीस मीटरांवरून सेंटीमीटरभर रुंदीचा रिव्हेट नजरेच्या अगदी सीमेवर असतो. एकेक दिसत नाही, पण रांग जाणवते. म्हणून पातळ पत्र्याच्या पाठीमागून संपलेल्या रिफिलीच्या टोकाने हलक्या हाताने रांग उमटवावी. एकेक टेकाड उभे करू नये. रंगाचेही तसेच. गाडीचा मूळ लाल रंग जसाच्या तसा दिला तर लहान वस्तूवर तो गडद दिसतो. त्यात थोडा पांढरा मिसळावा. काय दाखवावे याइतकेच काय वगळावे हेही कळावे लागते, आणि ते कळण्यास स्थानकावर जाऊन तीस पावले मागे सरून पाहण्यावाचून उपाय नाही.

कोणी विचारील, एवढ्या खटाटोपाचे फळ काय? फळ आहे. दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा येथील एस. टी.च्या कार्यशाळांत ॲल्युमिनियमचे पत्रे रिव्हेटांनी जोडून बांधलेल्या गाड्यांनी दोन पिढ्यांची ने-आण केली. पुढे पोलादी सांगाड्याच्या गाड्या आल्या. १ जून २०२२ रोजी विजेवरील ‘शिवाई’ धावली. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरील सरकारी वाहने मोडीत काढण्याचा केंद्राचा नियम लागू झाला, आणि त्यात परिवहन महामंडळांच्या गाड्याही येतात. नियम योग्यच आहे. जुनी गाडी रस्त्यावर धोक्याची. परंतु गाडी मोडीत जाते तेव्हा तिच्याबरोबर तिची मापेही जातात. पायरी किती उंच होती, वाहकाची बैठक कोठे होती, मागची शिडी कशी वळली होती, हे नंतर कोणास विचारावयाचे? गडकोटांची मोजणी करावी हे आपल्याला पटले आहे. ज्या गाडीने आपले आईवडील गावाकडून शहरात आले, ती मात्र मोजण्याजोगी वाटली नाही.

तेव्हा आमची विनंती एवढीच आहे. या सुटीत घरातील मुलाला तयार मोटार आणून देण्यापूर्वी त्याच्या हाती एक टेप आणि वही द्या, आणि त्याला घेऊन स्थानकावर जा. बस पुढे साधली तर आनंद. न साधली तरी वहीतील आकडे वाया जात नाहीत. आणि दिवाळीत ती बस किल्ल्याच्या पायथ्याशी उभी राहील, तेव्हा मावळ्याचे मापही तेच ठेवावयास विसरू नका: साडेपाच फुटांचा माणूस, पन्नासाव्या हिश्श्याने, सव्वातीन सेंटीमीटरांहून थोडा अधिक.