हातातल्या दांडीत ‘क्वांटम’ मावते काय?

भाताची कापणी, झोडणी आटोपली होती. मुरबाड तालुक्यातील एका गावी आम्ही मामींकडे दोन दिवसांसाठी गेलो होतो. संध्याकाळी समाजमंदिरात ‘मोफत आरोग्य तपासणी’ ठेवली होती. शहरातून आलेला एक तरुण टेबलावर लॅपटॉप मांडून बसला होता. लॅपटॉपला वायरने जोडलेली, पेनाहून थोडी जाड अशी धातूची एक दांडी. माणसाने ती मुठीत धरायची, मिनिटभर गप्प बसायचे, की यकृत, मूत्रपिंड, हृदय, हाडे अशा सगळ्या अवयवांचा रंगीत अहवाल तयार! रक्त नको, लघवी नको, सुई नको. तपासणी फुकट, पण नंतर घ्यायच्या थेंबांची बाटली अठराशे रुपयांना.

“हे क्वांटम सायन्स आहे,” तो सांगत होता. “शरीरातल्या प्रत्येक पेशीतून लहरी निघतात. हे यंत्र त्या लहरी पकडते. आपल्या बुद्धांनी हे अडीच हजार वर्षांपूर्वीच सांगून ठेवलंय.” बुद्धांचे नाव निघाल्यावर म्हाताऱ्या माणसांनी हात जोडले. आम्हीही गप्प बसलो, ही आमची चूक.

मामींना दहा-बारा वर्षांपासून मधुमेह आहे. यंत्राने साखर ‘नॉर्मल’ दाखवली. मामींनी गोळ्या बंद करून थेंब सुरू केले. तीन आठवड्यांनी त्या चक्कर येऊन अंगणात पडल्या. तालुक्याच्या गावी दवाखान्यात नेले तेव्हा रक्तातील साखर चारशेच्या वर होती. वेळेवर नेले म्हणून निभावले.

मामींची नात अकरावी सायन्सला आहे. ती म्हणाली, “काका, क्वांटम म्हणजे नक्की काय हो? तो खोटं बोलत होता, की आपल्याला कळत नाही?” आम्हाला उत्तर देता येईना. मग आम्ही वाचले, जाणकारांना विचारले, आणि २८ फेब्रुवारीला नातीला घेऊन माळशेज घाट चढून गेलो. त्यातून जे समजले ते वाचकांपुढे ठेवत आहोत.

शिडीच्या पायऱ्या

सन १९०० मध्ये जर्मनीतील मॅक्स प्लांक या शास्त्रज्ञाने मांडले की, तापलेली वस्तू उष्णता आणि प्रकाश देते तेव्हा ती ऊर्जा पाण्याच्या धारेसारखी सलग नसते, ठरावीक पुड्यांनी दिली-घेतली जाते. १९०५ मध्ये आइन्स्टाइन यांनी दाखवले की प्रकाशसुद्धा अशा पुड्यांनीच येतो. ही पुडी म्हणजेच क्वांटम. मराठीत तिला ‘पुंज’ म्हणतात.

शिडीचे उदाहरण घ्या. पाय पहिल्या पायरीवर ठेवता येतो, दुसऱ्या पायरीवर ठेवता येतो. मधे अधांतरी ठेवता येत नाही. अणूतील इलेक्ट्रॉनचे तसेच असते. तो वरच्या पायरीवरून खाली उतरला की दोन पायऱ्यांमधील फरकाएवढी ऊर्जा प्रकाशाच्या रूपाने बाहेर पडते. छपरावर सोलरची पाटी असते, तिच्यात याच्या उलट घडते. प्रकाशाची पुडी आतल्या इलेक्ट्रॉनला वर ढकलते आणि वीज वाहू लागते. म्हणजे क्वांटम पाड्यावरच्या दिव्यातही आहे.

याहून नवलाची गोष्ट पुढे आहे. शहापूरच्या भातसा धरणाच्या संथ पाण्यात जवळजवळ दोन खडे टाका. दोन्हींची वर्तुळे एकमेकांत मिसळतात. काही जागी लाट वाढते, काही जागी विरते. आता दोन बारीक फटींमधून एकेक करून इलेक्ट्रॉन सोडले तर प्रत्येक इलेक्ट्रॉन पडद्यावर एकाच ठिपक्यावर आदळतो, भाताच्या दाण्यासारखा. पण असे हजारो ठिपके जमले की पडद्यावर पट्टे उमटतात, पाण्यावरच्या लाटांनी उमटावेत तसे. म्हणजे तो आदळतो कणासारखा आणि पसरतो लहरीसारखा.

मग तो मुळात आहे तरी काय? लोहचुंबकावर कागद ठेवून लोखंडाचा कीस टाकला की रेषा उमटतात. डोळ्यांना न दिसणारे ‘क्षेत्र’ तिथे असते. आजचे भौतिकशास्त्र म्हणते की सगळ्या विश्वात अशी क्षेत्रे पसरलेली आहेत आणि इलेक्ट्रॉन म्हणजे त्यांपैकी एका क्षेत्रातील स्पंदन. हे ऐकायला विचित्र वाटते, पण शास्त्रज्ञांनी ते मोजून तपासले म्हणून मानले.

म्हणजे अणूंतून लहरी निघतात, हे त्या तरुणाचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. प्रश्न एवढाच, की त्या पकडायला काय लागते?

वितीएवढी लहर

सर्वांत साधा अणू हायड्रोजनचा. एक प्रोटॉन, एक इलेक्ट्रॉन. दोघांनाही एक गुण असतो, त्याला ‘फिरकी’ म्हणतात. दोन्ही फिरक्या एकाच दिशेला असतील तर अणूत ऊर्जा किंचित जास्त, उलट दिशांना असतील तर किंचित कमी. कधीतरी इलेक्ट्रॉनची फिरकी आपोआप उलटते आणि एक रेडिओ लहर बाहेर पडते. तिची लांबी २१ सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम एक वीत. एकट्या अणूवर हा प्रसंग यायला सरासरी एक कोटी वर्षांहून जास्त काळ लागतो. परंतु आकाशात हायड्रोजन इतका अफाट आहे की ही कुजबुज सतत चालू असते. हॉलंडच्या व्हान डी हल्स्ट यांनी १९४४ मध्ये तिचे भाकीत केले. १९५१ मध्ये अमेरिकेत ती प्रत्यक्ष पकडली गेली.

कल्याण ते खोडद

आकाशातील अशा लहरी ऐकण्याचे काम आपल्या ठाणे जिल्ह्यातही झाले आहे, हे आम्हाला ठाऊक नव्हते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे डॉ. गोविंद स्वरूप यांनी १९६५ मध्ये कल्याणजवळ ऑस्ट्रेलियाहून मिळालेल्या ३२ लहान थाळ्या उभ्या केल्या आणि सूर्याकडून येणाऱ्या रेडिओ लहरी मोजल्या. एक थाळी सुमारे सहा फूट रुंद. पुढे त्यांनी १९७० मध्ये उटीला मोठी दुर्बीण उभारली आणि त्यानंतर माळशेज घाटापलीकडे, जुन्नर तालुक्यातील नारायणगावजवळ खोडदला ‘जीएमआरटी’ ही रेडिओ दुर्बीण.

मुरबाड, टोकावडे करीत घाट चढलो आणि पुढे खोडदला पोहोचलो. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२८ मध्ये २८ फेब्रुवारीलाच आपला शोध लावला. म्हणून तो विज्ञान दिन. त्या सुमारास खोडदला सामान्य लोकांना दुर्बीण दाखवतात आणि शाळांतील मुले आपापले प्रयोग मांडतात. नात थाळीखाली उभी राहिली आणि मान मागे टाकून बघतच राहिली. एकेक थाळी ४५ मीटर रुंद, पोलादी तारांच्या जाळीची. अशा ३० थाळ्या. चौदा मधल्या भागात जवळजवळ आणि सोळा तीन दिशांना, सुमारे पंचवीस किलोमीटरच्या पसाऱ्यात. सगळ्या मिळून एकच दुर्बीण! जागाही डोंगरांच्या आडोशाची निवडली, कारण शहरातील मोबाईल, टीव्ही, मोटारीची ठिणगी यांच्या गोंगाटात ती कुजबुज बुडून जाते.

२०२० मध्ये याच दुर्बिणीने सुमारे ८०० कोटी वर्षांपूर्वीच्या दीर्घिकांमधील हायड्रोजन मोजला. त्यासाठी सुमारे साडेसात हजार दीर्घिकांचे संकेत एकत्र करावे लागले, कारण एकेकीचा संकेत ऐकूच येत नव्हता. त्याच वर्षी डॉ. स्वरूप यांचे निधन झाले.

परतताना नात म्हणाली, “काका, एवढं सगळं करून कुठे एक लहर सापडते. आणि आजीच्या मुठीतल्या दांडीला मिनिटात सगळं कळतं?”

शरीरातील हायड्रोजन

“आकाश दूर आहे, शरीर जवळ आहे,” असे कोणी म्हणेल. बरोबर आहे. आपल्या शरीरात पाणी आहे आणि पाण्यात हायड्रोजन. त्याच्या प्रोटॉनच्या फिरकीवरून शरीराचे आतले चित्र खरोखरच काढता येते. ते यंत्र म्हणजे एमआरआय. पण त्यासाठी माणसाला एका प्रचंड चुंबकाच्या पोटात झोपवतात. नेहमीच्या दीड टेस्ला शक्तीच्या यंत्राचे चुंबकत्व पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे तीस हजार पट असते. चुंबक थंड राखायला द्रवरूप हेलियम लागते. बाहेरच्या रेडिओ लहरी येऊ नयेत म्हणून खोली धातूने मढवतात. रोगी बराच वेळ न हलता पडून राहतो. एवढे करूनही एमआरआय रक्तातील साखर सांगत नाही. त्यासाठी बोटातले थेंबभर रक्तच लागते.

नातीची परीक्षा

एप्रिलमध्ये, जयंतीच्या आधी, तोच तरुण पुन्हा गावात आला. गर्दी होती. नावे टाइप करायला नातीने मदतीचा हात पुढे केला. दांडी दिली मामींच्या हातात, पण लॅपटॉपवर भरले आजोबांचे नाव, आजोबांचे वय आणि ‘पुरुष’. मिनिटभराने अहवाल आला. त्यात मामींच्या प्रोस्टेट ग्रंथीची स्थिती सविस्तर दिली होती! ही ग्रंथी फक्त पुरुषांना असते. नातीने ते पान सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवले.

समाजमंदिरात हशा पिकला. मामी मात्र हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, “म्हणजे माझी साखर पण अशीच टाइप केली होती म्हणा!”

तरुणाने सामान आवरले. त्याच्यावर ओरडून काय मिळणार? त्यालाही कोणीतरी हे यंत्र विकलेच असेल. पण आपल्या माणसांचे रक्षण आपणच करायचे आहे. बुद्धांनी कालामांना सांगितले ते हेच, की कोणी थोर माणूस म्हणतो एवढ्यावरून मानू नका, स्वतः पारखून घ्या. मग बुद्धांचेच नाव पुढे करून कोणी काही विकत असेल तर जास्तच पारखले पाहिजे.

माताभगिनींनो, असे यंत्र गावात आले तर एकाच माणसाची दोनदा तपासणी करून घ्या, दुसऱ्यांदा नाव, वय बदलून. अहवाल बदलला तर यंत्र शरीर वाचत नाही, टाइप केलेले वाचते. मधुमेह बरा करण्याचा दावा करणारी जाहिरात करणे १९५४ च्या कायद्याने गुन्हा आहे, हेही विक्रेत्याला सांगा. साखरेची, रक्तदाबाची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही बंद करू नका. आणि येत्या विज्ञान दिनाला मुलामुलींना घेऊन माळशेज चढा. नातीने आता भौतिकशास्त्रच शिकायचे ठरवले आहे. मामी रोज रात्री तिच्याकडून गोळीची पुडी मागून घेतात.