बांध पडलेली अनामिका

कोपराला लागलं आणि थेट करंगळीपर्यंत झिणझिण्या गेल्या, होय ना? अंगठ्याला झालं का काही? नाही. गंमत आहे ती तिथंच. बस इथं, सांगतो.

तुला झणका बसला तो हाडाचा नव्हे, मज्जातंतूचा. मानेतून निघून हाताच्या पंजापर्यंत उतरणारे तीन मोठे तंतू असतात: रेडियल, मीडियन आणि अल्नर. यातला अल्नर कोपरामागच्या खोबणीतून जातो. तिथं त्याच्यावर ना मांस, ना चरबी, नुसती कातडी! एरवी हा करंगळीकडच्याच खबरा वर नेतो, म्हणून टोला कोपराला बसला तरी मेंदू समजतो, करंगळीलाच काहीतरी झालं.

करंगळी सगळी अल्नरची. अनामिका मात्र भावाभावांनी शेतात बांध घालावा तशी मधोमध वाटलेली. बहुतेकांची करंगळीकडची बाजू अल्नरची, मधल्या बोटाकडची मीडियनची. मीडियन मनगटातल्या अरुंद बोगद्यातून नऊ कंडरांच्या दाटीत वाट काढतो. तिथं सूज आली की तो दबतो, आणि माणूस रात्री बधिर हात झटकत उठून बसतो. मनगट अन् बोटं मागे उचलायची ती रेडियलच्या हुकमावर.

कुष्ठरोगाच्या जंतूंना शरीराचे गार भाग मानवतात. कोपराशी कातडीलगत आलेला अल्नर त्यांच्या तावडीत सापडतो. मग करंगळी-अनामिका आकडीसारख्या वळतात, चटका कळेनासा होतो. रोगानंच बोटं झडतात, असं लोक समजायचे. वेल्लोरच्या डॉक्टर पॉल ब्रँड यांनी दाखवून दिलं, की बोटं जातात ती न कळलेल्या भाजण्या-कापण्यानं. शाबूत स्नायूंच्या कंडरा दुसरीकडे वळवून त्यांनी वाकडी बोटं पुन्हा कामाला लावली.

आणि पोहून आल्यावर तुझ्या बोटांना सुरकुत्या पडतात ना? नुसती कातडी पाणी पिऊन फुगते, असं नाही हो. मज्जातंतू आतल्या बारीक रक्तवाहिन्या आवळतात, म्हणून सुरकुत्या पडतात. तंतू तुटलेलं बोट कितीही भिजवा, गुळगुळीतच. तान्ह्या बाळाच्या हाताला कापलं तर ‘इथं कळत नाही’ असं ते कुठून सांगणार? मग डॉक्टर त्याचा हात कोमट पाण्यात धरून ठेवतात, आणि कुठल्या बोटाला सुरकुती पडली नाही ते बघतात.